शूजच्या दुकानातल्या त्या दादांना, माझ्या गुडघ्याकडून थँक्यू

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाहीये कारण तुम्हाला विचारलेलं नाही, आणि दुकानाचंही लिहीत नाही. पुण्यात डेक्कनच्या बाजूला स्पोर्ट्सच्या दुकानात काम करणारे, पन्नाशीतले, स्वतः रोज पळणारे दादा, एवढ्यावर तुम्ही ओळखालच. मी साताऱ्याची, बँकेत नोकरी करणारी, उजवा गुडघा धरून तुमच्याकडे आले होते ती. परवा रविवारी यवतेश्वर घाट पूर्ण चढले आणि पळतच उतरले, खाली समर्थ मंदिरापाशी आल्यावर मैत्रिणीने विचारलं गुडघा कसा आहे, तेव्हा कुठे मला आठवलं की अरे हो, गुडघा. घरी येऊन पहिलं हे लिहायला बसले. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला त्या दिवशी जे समजावून सांगितलंत ते गुडघेदुखीमुळे पळणं सोडलेल्या कितीतरी जणांना कोणी सांगितलेलंच नसतं.

तुमच्याकडे येईपर्यंत माझं काय चाललं होतं ते इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. दुखणं पुढून, वाटीच्या मागे कुठेतरी. चढताना काही नाही, उतरायला लागलं की सुरू. घरातला जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एसटीने साताऱ्याहून स्वारगेटला गेलं की उतरताना पाय सरळच व्हायचा नाही. जो भेटेल तो सांगायचा पळणं बंद कर, बायकांचे गुडघे चाळिशीनंतर असेच. नी कॅप आणली, एमसीआर, म्हणजे मऊ रबराची चप्पल घरात वापरायला लागले, मेडिकलमधून शूजच्या आत घालायचे जेलचे इनसोल आणले. मग एका ठिकाणी मशीनवर उभं करून पायाचा लाल-पिवळा-निळा फोटो काढला आणि सांगितलं फ्लॅट फूट आहे, कस्टम इनसोल घातले नाहीत तर गुडघे जाणार. त्या इनसोलची किंमत मी घालत होते त्या शूजपेक्षा जास्त होती, पण किमतीपेक्षा ते 'गुडघे जाणार' जास्त लागलं. रात्री झोपताना तेच डोक्यात. बाई एवढी घाबरलेली असताना तिला काहीही विकता येतं दादा, आणि तुम्ही नेमकं तेच केलं नाहीत.

तुम्ही आधी शूज दाखवलेच नाहीत. स्टूलावर बसवलंत आणि म्हणालात, ताई, दुखतं कुठे ते एका बोटाने दाखवा. मला एका बोटाने दाखवताच येईना, मी अख्खा तळवा वाटीवर ठेवला, आणि तुम्ही मान हलवलीत जणू तेच बघायचं होतं. मग विचारलंत की गुडघा सुजतो का, मध्येच अडकतो का, चालता चालता पाय लटका पडून धोका देतो का, कधी पडून मुरगळला होता का. सगळ्याला नाही म्हटल्यावर म्हणालात, ठीक आहे, यातलं एक जरी हो असतं तरी मी तुम्हाला शूज विकले नसते, आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं. दुकानात उभं राहून हे म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मग माझे जुने शूज मागितलेत. मला वाटलं तळवा बघाल, कुठे घासलाय वगैरे, तो बघितलातच, पण त्याआधी शूज काउंटरच्या काचेवर ठेवून मागून बघितलेत, उजवा आतल्या बाजूला कललेला होता तो मलाही दाखवलात. अंगठ्याने बाजूचा फोम दाबलात, तिथे आडव्या सुरकुत्या होत्या आणि दाबल्यावर तो परत वर येतच नव्हता. वरून शूज नवा दिसतो ताई, पण आतला फोम मेलाय, असं म्हणालात. साधारण 500 ते 800 किलोमीटर झाले की बघायचं, वजन, रस्ता, पळण्याची पद्धत यावर पुढेमागे होतं, आणि घाटात उतरणारा माणूस शूज लवकर खातो. नंतर आतला सोल उपसून काढलात. त्याच्यावर माझ्या पायाचा काळपट ठसा होता आणि अंगठ्याचा ठसा पार पुढच्या कडेच्या बाहेर गेलेला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त बोट ठेवलंत. कॉलेजपासून मी पाच नंबर घालतेय. तुम्ही विचारलंत मुलं किती, मी म्हटलं दोन, तर म्हणालात बाळंतपणात पुष्कळ बायकांचा पाय लांबी-रुंदीला थोडा वाढतो आणि तो तसाच राहतो, कोणी परत मोजत नाही. दोन्ही पाय उभं करून मोजलेत, बसवून नाही, आणि मोठ्या पायाच्या मापाने सहा नंबर काढलात. उतारावर माझी नखं का काळी पडत होती ते त्या क्षणी कळलं, दोन बाळंतपणं झाली, एवढ्या डॉक्टरांकडे जाऊन आले, हे कधी कोणी बोललं नव्हतं.

ड्रॉप म्हणजे काय हे पण मला तुमच्याकडूनच कळलं. टाच पुढच्या भागापेक्षा किती मिलिमीटर उंच ते, शून्यापासून बारापर्यंत असतं. तुम्ही हाताने दाखवलंत, टाच उंच असली की भार थोडा गुडघ्याकडे सरकतो, टाच खाली आली की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जातो, भार कुठेतरी जाणारच, शूज तो गायब करत नाही, फक्त जागा बदलतो. हे वाक्य मी आमच्या पळण्याच्या ग्रुपमध्ये जवळजवळ सगळ्यांना ऐकवलंय. माझे जुने बाराचे होते. मी लगेच म्हटलं मग शून्यवाला द्या, तर तुम्ही माझी पोटरी दाबून बघायला सांगितलीत, ती दगड झाली होती, आणि म्हणालात एकदम शून्यावर गेलात तर गुडघा सोडेल आणि पोटरी धरेल. आठचा दिलात.

आणि ते फ्लॅट फूट. तुम्ही मला चवड्यावर उभं राहायला सांगितलंत आणि समोरच्या आरशात दाखवलंत, टाचा उचलल्या की माझ्या पायाला छान कमान येत होती. पाय सपाट दिसतो पण जिवंत आहे, कामाचा आहे, हा आजार नाही, असे पाय घेऊन लोक आयुष्यभर शेतात राबतात. दादा, मला तिथे रडू येत होतं, तुम्हाला कळलं की नाही माहीत नाही, तुम्ही पाण्याची बाटली आणून दिलीत.

घरी आल्यावर मी याबद्दल शोधून शोधून वाचलं. अमेरिकेच्या लष्कराने भरती झालेल्या हजारो पोरापोरींना पायाच्या कमानीप्रमाणे शूज वाटून बघितले आणि दुसऱ्या गटाला सरसकट एकच प्रकार दिला, दुखापतीत म्हणण्यासारखा फरक पडलाच नाही. इनसोलचंही तसंच. ऑस्ट्रेलियात 2008 मध्ये अशाच वाटीच्या दुखण्याच्या 179 लोकांवर प्रयोग झाला, त्यात तयार मिळणारे आधाराचे इनसोल सहा आठवड्यांत साध्या सपाट इनसोलपेक्षा बरे ठरले, पण फिजिओथेरपी व्यवस्थित चालू असेल तर वरून इनसोल घालून जास्तीचा फायदा झाला नाही. तुम्ही हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतंत, की इनसोल ही काठी आहे, पाय बरा होईपर्यंत धरा, आणि ती काठी चांदीची असायची गरज नाही. मला हजाराच्या आतला तयार इनसोल दिलात, जरा कडक, कमानीला टेकणारा. जेलचा बाजूला ठेवायला सांगितलात कारण तो हाताला मऊ लागतो पण पाय आत हलतो. आणि एक गोष्ट जी पाकिटावर ठळक लिहायला हवी, कंपनीचा आतला सोल काढून मगच नवीन घालायचा, एकावर एक घातले की टाच वर येते, निसटायला लागते आणि बोटं चेपतात. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचे एकावर एकच निघाले, मी स्वतः काढायला लावले.

मग तीन जोड बाहेर काढलेत आणि म्हणालात आता नाव, रंग, किंमत बघू नका, घाला आणि गल्लीत पळून या. संध्याकाळची वेळ होती, तुम्ही म्हणालात बरं झालं संध्याकाळी आलात, दिवसभरात पाय फुगतो, सकाळी बरोबर बसलेला शूज लांब पळताना आवळतो. मोजे पळायचेच घालायला लावलेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाच घट्ट, आणि घातल्या घातल्या बरं वाटलं पाहिजे, 'वापरून वापरून सैल होईल' असं ज्याच्याबद्दल म्हणावं लागतं तो घ्यायचा नाही. मी त्या भारीतल्या कार्बन प्लेटवाल्या, म्हणजे तळव्यात कडक पट्टी असलेल्या, स्पर्धेच्या शूजकडे सारखी बघत होते, ग्रुपमध्ये दोघातिघांकडे आहे, तुम्ही शांतपणे तो परत खोक्यात ठेवलात. शेवटी मला जो सगळ्यात आरामाचा वाटला तो गेल्या वर्षीचं मॉडेल निघाला, डिस्काउंटमध्ये. त्या दिवशी तुमचं कमिशन किती बुडालं असेल याचा मी बसमध्ये हिशोब करत होते.

पैसे दिल्यावरही तुम्ही सोडलं नाहीत. फोनवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक लयीत टकटक वाजणारं ॲप टाकून दिलंत, माझी पावलं मोजलीत, मिनिटाला 160 पडत होती, ती 170 पर्यंत न्या म्हणालात, वेग तोच ठेवायचा फक्त पाऊल छोटं, विशेषतः उतारावर, कारण लांब टांग टाकली की टाच शरीराच्या खूप पुढे पडते आणि ब्रेक गुडघ्याला लागतो. पाच ते दहा टक्के पावलं वाढवली की गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो, हे विस्कॉन्सिनच्या लोकांनी 2011 मध्ये मोजून दाखवलंय. पहिले काही दिवस विचित्र वाटलं, लहान मुलासारखं टपटप पळतोय असं, मग अंगवळणी पडलं. नवीन शूज आधी घरात, मग छोट्या पळण्याला, जुन्याबरोबर आलटून पालटून, हेही तुमचंच. आणि कागदावर फिजिओचा नंबर लिहून दिलात, म्हणालात शूज घेतले म्हणजे झालं असं समजू नका, मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचा बाजूचा स्नायू दमदार झाल्याशिवाय वाटी जागेवर नीट चालणार नाही.

फिजिओ मॅडमनी पायरीवरून एका पायावर हळूहळू उतरायला लावलं, गुडघा आत न पडू देता, भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसायला लावलं, कुशीवर झोपून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायला लावला. कंटाळवाणं आहे हो, पण दोन-तीन महिन्यांत फरक पडला, आधी जिन्यावर, मग एसटीत, सगळ्यात शेवटी घाटात. पळणंही बंद नाही केलं त्यांनी, सपाटीवर थोडं थोडं चालू ठेवलं, शाहू स्टेडियमवर चकरा मारत राहिले. दुखणं दहापैकी दोन-तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको, एवढंच माप.

'पळून गुडघे झिजतात' म्हणणाऱ्या आमच्या नातेवाइकांसाठी इथे एक आकडा लिहून ठेवते. 2017 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा हौसेने पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात साधारण 3.5 टक्के लोकांना होता आणि न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये 10.2 टक्के. अगदी स्पर्धात्मक पळणाऱ्यांमध्ये मात्र 13.3, तेही सांगायला हवं. आपण हौसेवाले आहोत, निवांत पळा.

आता एक काम आहे तुमच्याकडे. आईचे दोन्ही गुडघे संधिवाताचे आहेत, आतल्या बाजूने झिजलेत, तिला कोणीतरी बाहेरून उंच असलेले तिरके इनसोल घ्यायला सांगितलंय. मेलबर्नला 200 लोकांनी ते वर्षभर घालून बघितले, सपाट इनसोलपेक्षा दुखणं काही जास्त कमी झालं नाही, म्हणून मी अजून घेतले नाहीत. तिथल्याच नंतरच्या अभ्यासात अशा गुडघ्यांना चालताना पातळ लवचीक शूजपेक्षा आधार देणारे, स्थिर शूज बरे पडले. पण आई आयुष्यभर चपलेवर काढलेली, साडीवर शूज घालायला लाजते, दुकानात नेलं तर 'नको गं' म्हणून उठेल. तुम्ही तिला माझ्यासारखंच स्टूलावर बसवा आणि एका बोटाने कुठे दुखतं ते विचारा, तुमचं ती ऐकेल.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. तुमची सुट्टी असेल तर दुकानात निरोप ठेवा, आम्ही दुसऱ्या दिवशी येऊ. कंदी पेढे आणतेय, आणि ते घ्यायचेच, त्या दिवशी चहाचे पैसे पण तुम्हीच दिले होतेत.

तुमची,
साताऱ्याची ताई