सरदारपूरची फॉरवर्ड आणि आपलं क्रीडा पान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आपल्या क्रीडा पानावर एकाच दिवशी दोन मजकूर आले. वर, फोटोसकट, इंदूरच्या एका मुलाची ‘युरोपातल्या क्लबमध्ये निवड’. खाली कोपऱ्यात ‘परदेशात ठसा न उमटलेले भारतीय फॉरवर्ड’, म्हणजे फुटबॉलमधले पुढे राहून गोल करणारे खेळाडू, असं चार ओळींचं टिपण. त्यात बायचुंग भुतिया होता, सुनील छेत्री होता आणि शेवटी आपल्या धार जिल्ह्यातल्या सरदारपूरची ज्योती चौहान. या दोन मजकुरांच्या जागा उलट हव्या होत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी निवडीचं बोलतो. तो मुलगा आमच्याच भागातला. डावा पाय चांगला आहे, मेहनती आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या वडिलांनीच मला सांगितलं की शिबिराची फी, विमानाचं तिकीट, राहणं-खाणं सगळं त्यांनी भरलं. थोडे दिवस क्लबच्या मैदानावर सराव, क्लबची जर्सी घालून फोटो आणि एक सर्टिफिकेट. हौस म्हणून जरूर जावं. पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये पहिला प्रश्न एकच असतो: पैसे कोण कोणाला देतंय? खेळाडू क्लबला देत असेल तर तो गिऱ्हाईक. आपल्या वार्ताहरानं हा प्रश्न विचारला असता, तर मथळा बदलला असता.

आता ज्योती. 2022 मध्ये गोकुलम केरळ संघानं इंडियन विमेन्स लीग जिंकली, त्या संघातली ही मुलगी. त्याच वर्षी चाचणी देऊन तिनं क्रोएशियातल्या दिनामो झाग्रेबच्या महिला संघाशी करार केला. तेलंगणाची सौम्या गुगुलोथही तिच्याबरोबर होती. हा खरा करार, म्हणजे क्लबनं घेतलं आणि क्लबच पैसे देणार. अशा वेळी नुसतं विमानात बसून चालत नाही. एका देशाच्या फुटबॉल महासंघानं दुसऱ्या देशाच्या महासंघाकडे खेळाडूचं आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र पाठवावं लागतं, मग नोंदणी, शिवाय व्हिसा. आणि 2022 चा ऑगस्ट आठवा. फिफानं आपल्या महासंघालाच निलंबित केलं होतं आणि गोकुलमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचूनही न खेळता परत आल्या. भारतीय खेळाडूसाठी परदेशाचा रस्ता असा असतो. त्यातून सरदारपूरची मुलगी झाग्रेबला पोहोचली आणि तिथे तिनं हॅटट्रिकही केली. आपल्या पानावर तेव्हा ओळही दिसली नव्हती. माझ्या नजरेतून सुटली असेल तर कात्रण पाठवा, मी आनंदानं माफी मागेन.

‘ठसा उमटला नाही’ हे ठरवलं कशावरून? गोलांवरून, दुसरं काय. मी बरीच वर्षं इंदूरच्या चिमणबाग मैदानावर आणि महूला रेफ्री म्हणून धावलो आहे, म्हणून थोडं अधिकारानं लिहितो. चांगला फॉरवर्ड बॉलशिवायच जास्त पळतो. डिफेंडरला ओढून नेतो, मागे जागा मोकळी होते, गोल दुसऱ्याच्या नावावर जातो. चिमणबागेतले प्रेक्षक तरी ओरडायचेच, “अबे नौ नंबर, सो गया क्या?” परदेशी क्लबमध्ये तर फॉरवर्डची परीक्षा आणखी कडक. बाहेरचा खेळाडू स्थानिकापेक्षा सरस असेल तरच त्याला ठेवतात. सुरुवातीला सत्तराव्या मिनिटाला मैदानात सोडतात. सहकाऱ्यांची भाषा कळत नाही, पास कधी येणार याचा अंदाज नाही आणि प्रशिक्षक बदलला की बाकावर बसवायला पहिला तोच सापडतो. गोलकीपरला निदान नव्वद मिनिटं तरी मिळतात.

भुतियाचं उदाहरण घ्या. 1999 मध्ये तो इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला. नाव सेकंड डिव्हिजन असलं तरी ती तिसऱ्या पायरीची लीग होती. तिथले लीग सामने 37, गोल 3. आकडे लहान आहेत, मान्य. पण तो क्लब त्या काळात कर्जात इतका बुडत गेला की 2002 मध्ये कारभार प्रशासकांकडे गेला. छेत्रीची कथा तर आणखी चीड आणणारी. 2009 मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबशी बोलणं झालं होतं. ब्रिटननं वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या 70 मध्ये नव्हता. त्याच्या पायात काय आहे याला किंमत नव्हती. पुढे अमेरिकेतला कॅन्सस सिटीचा क्लब झाला, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा ब संघ झाला, तिथे जेमतेम खेळायला मिळालं. याच माणसानं देशासाठी 90 हून अधिक गोल केले.

मणिपूरच्या बाला देवीचं नाव तर आपल्या टिपणात नव्हतंच. तिशीच्या उंबरठ्यावर, जानेवारी 2020 मध्ये, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबनं तिला घेतलं. लीग सुरू होते न होते तोच कोविडनं बंद पडली. डिसेंबरमध्ये मदरवेलविरुद्ध तिनं गोल केला. पुढे गुडघ्यानं दगा दिला. या कारकिर्दीला ‘एक गोल’ एवढंच म्हणायचं का?

म्हणून विनंती. परदेशी खेळणाऱ्या कोणाचीही बातमी छापताना लीग कितव्या पायरीची, करार किती काळाचा, मैदानावर मिनिटं किती मिळाली आणि खर्च कोणी केला, एवढं विचारून घ्या. यासाठी वेगळी जागा लागत नाही; मँचेस्टरच्या कोणत्या खेळाडूनं केस कसे कापले हे आपण छापतोच. त्या मुलाच्या बातमीचा खुलासा मात्र छापू नका. त्याच्या घरी ते कात्रण लॅमिनेट करून झालंय, आणि चूक पोराची नाही.

आपल्या धारच्या वार्ताहरांना मात्र एकदा सरदारपूरला अवश्य पाठवा. अमदावादच्या रस्त्यानं धार ओलांडून पुढे जायचं. ज्योती कोणत्या मैदानावर शिकली, आज तिथे मुली खेळतात का, गोलपोस्टला जाळी आहे का, हे बघून लिहा. वीज मंडळात असताना त्या भागात माझी बदली होती, रस्ते माहीत आहेत. सोबत हवी असेल तर मी येईन. बसचं तिकीट माझं मी काढीन.

आपला,
एक निवृत्त रेफ्री,
लोकमान्य नगर, इंदूर