कूलरच्या खोलीत स्कॅन का होईना?

चि. वरच्या खोलीतल्या मुलास,
अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दामच लिहीत नाही. आपल्या नागपूरच्या नंदनवनात बातमी फुटली तर लोक रात्री अकरा वाजता प्रिंटर काखेत मारून तुझा पत्ता विचारत फिरतील आणि तुला नाही म्हणता येत नाही, हे मला दोन वर्षांत कळलं आहे.

तू खोली सोडलीस त्या दिवशी टेम्पोवाला घाई करत होता, म्हणून 'सांभाळून जा, पोहोचल्यावर फोन कर' एवढ्यावरच आपलं बोलणं संपलं. मे महिन्यात तू माझं बंद पडलेलं स्कॅन चालू करून दिलंस, त्या दुपारचे आभार मानायचं राहूनच गेलं. पैसे तर तू घेतले नाहीस. पन्ह्याचे तीन ग्लास प्यायलास, तेवढीच काय ती तुझी फी.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागलेला होता. बाहेर ४५ डिग्री आणि घरात खसच्या ताट्यांवर पाणी मारून मारून मी दमलेली. अशात काटोलहून भावाचा फोन: "ताई, कागद आज नाही पाठवले तं वकील पुढची तारीख घेईन." आईच्या नावची संत्र्याची बाग, तिच्यामागे आम्हा भावंडांची वारसनोंद व्हायची होती आणि जुने फेरफार माझ्या पेटीत. ते कागद तू पाहिलेस. पटवाऱ्याच्या हातचं अक्षर, घडीवर विरलेले, एकाला तर मागून आईनेच कॅलेंडरचा तुकडा खळीने चिकटवलेला. मोबाइलने फोटो काढले होते, पण घड्यांच्या सावल्यांत सर्व्हे नंबरच दिसेना, वकिलांनी परत पाठवले. झेरॉक्सच्या दुकानात नेले असते, पण तिथला मुलगा कागद वरच्या फटीतून सरकवतो. आईचा तो चिकटवलेला कागद त्या फटीतून अख्खा बाहेर आला नसता. घरच्या प्रिंटरच्या काचेवर ठेवून स्कॅन करणं हाच मार्ग होता, आणि नेमकं तेच महिनाभर बंद होतं.

बंद म्हणजे कसं, तर प्रिंट धडाधड निघायची. स्कॅनला गेलं की लॅपटॉप म्हणायचा, 'स्कॅनर नॉट फाउंड'. प्रिंटरवरचं स्कॅनचं बटण दाबलं तर त्याच्या इवल्याशा पडद्यावर कॉम्प्युटरचं नावच यायचं नाही. कंपनीच्या हेल्पलाइनने माझ्याकडून तीनदा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून तीनदा घालून घेतला. दुकानदार न बघताच म्हणाला, "आतलं कार्ड गेलं असेल, नवीनच घ्या ना काकू." भाच्याचं निदान सगळ्यात भारदस्त: प्रिंटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, लॅपटॉप ५ वर, म्हणून त्यांची भेट होत नाही.

तू जिन्यावरून खाली येत होतास, पाण्याची बाटली भरायला. माझा चेहरा बघून थांबलास.

तू माउसला हात लावला नाहीस, हे मला आजही आठवतं. घरातलं कुणीही मदतीला आलं की आधी मला खुर्चीवरून उठवतं. तू बाजूला मोडा ओढून बसलास आणि दोनच गोष्टी विचारल्यास. शेवटचं स्कॅन कधी नीट झालं होतं? आणि त्यानंतर घरात काय बदललं? पहिल्याचं उत्तर होतं: मार्चच्या शेवटी, डॉक्टरांची बिलं. दुसऱ्याला मी छातीठोकपणे म्हटलं, काहीच नाही. ते चूक होतं, पण तेव्हा तुलाही माहीत नव्हतं.

मग म्हणालास, "काकू, आधी वकिलांचं काम उरकू, दुरुस्ती नंतर." प्रिंटरमधून त्याच्याच नेटवर्कच्या माहितीचं पान काढायला लावलंस. त्यावर आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा त्याचा घर नंबर होता, १९२.१६८.१.३७. तो मी ब्राउझरमध्ये, जिथे वेबसाइटचं नाव टाकतात तिथे टाकला आणि प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं! त्यात शाईची पातळी, सेटिंग आणि एका कोपऱ्यात चक्क 'स्कॅन'. चार वर्षं हे यंत्र घरात आहे, ते स्वतःचं पान बाळगून आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हौसेने ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, निवडलं तर थांबवलंस. ३०० च्या दुप्पट म्हणजे फाइल दुप्पट नाही, ठिपके चौपट होतात, आणि मेलला २५ एमबीच्या पुढे काही जोडता येत नाही. ३०० वर पटवाऱ्याचा टाकही दिसला आणि खळीचा डागही. अकरा पानं, साडेचारपर्यंत वकिलांकडे पोहोचली.

तिथेच तू उठला असतास तरी मी तुला दुवाच दिला असता. पण तुझं डोकं अडकलं होतं. ब्राउझरमधून होतं, मग स्कॅनच्या सॉफ्टवेअरमधून का नाही? लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत प्रिंटरला पिंग करायला, म्हणजे 'आहेस का?' असं विचारायला लावलंस, चारही उत्तरं आली. "हे कसं काय बापा," असं स्वतःशीच म्हणालास. मग लॅपटॉपचा पत्ता काढायला लावलास आणि लाइट बिलाच्या पाठीवर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिलेस.

१९२.१६८.१.३७
१९२.१६८.०.१०४

तिसऱ्या आकड्याखाली तू पेनने रेघ मारलीस. वर एक, खाली शून्य. मग कितीतरी वेळ बोलला नाहीस, नुसता जिन्याकडे बघत राहिलास. आणि म्हणालास, "काकू, घोळ माझाच आहे."

फेब्रुवारीत ऑनलाइन क्लाससाठी तू वर एक छोटा राउटर लावला होतास, खालच्या राउटरमधून केबल नेऊन. मला विचारूनच. वर-खाली करताना फोनला त्रास नको म्हणून दोन्हीला नाव आणि पासवर्ड एकच दिलास. गंमत अशी की ही सोयच मुळावर आली. एप्रिलमध्ये कूलर लागला, तशी मी समोरच्या खोलीतून लॅपटॉप उचलून जिन्याजवळच्या कूलरच्या खोलीत आणला. तिथे वरच्या राउटरचा सिग्नल जोरात. नाव एकच, त्यामुळे लॅपटॉप गुपचूप वरच्याला जाऊन चिकटला. प्रिंटर राहिला खालच्याकडे. दुकानदाराला सांगितलं असतं की कूलर सुरू झाला आणि स्कॅन बंद पडलं, तर त्याने मला पंख्याखाली बसवून पाणी दिलं असतं.

पुढचं तू समजावलंस ते मला इतकं पटलं की आता मीच सगळ्यांना सांगत सुटले आहे. वरचा राउटर म्हणजे घरातलं वेगळं बिऱ्हाड, म्हणून पत्त्यातला तो तिसरा आकडा वेगळा. बिऱ्हाडकरू खाली उतरून कुणाच्याही दारावर जाऊ शकतो, पण खालच्याला परस्पर वर जाता येत नाही. प्रिंटरचा पत्ता लॅपटॉपमध्ये आधीच लिहून ठेवलेला होता, म्हणून प्रिंट द्यायला तो सरळ त्या दारावर जायचा. ब्राउझरचं आणि पिंगचंही तसंच. स्कॅनचं सॉफ्टवेअर मात्र आधी आपल्याच बिऱ्हाडात हाक मारतं, 'स्कॅनर कोण आहे?' ती हाक राउटर ओलांडत नाही. आणि प्रिंटरवरचं बटण दाबलं की प्रिंटरला लॅपटॉपपर्यंत जावं लागतं, त्याला वरच्या राउटरने दारातच अडवलेलं. म्हणजे प्रिंटर धडधाकट, ड्रायव्हर धडधाकट. भाच्याचंही अर्धंच खरं. आपला प्रिंटर २.४ वरच चालतो हे बरोबर, पण एकाच राउटरचे २.४ आणि ५ हे एकाच बिऱ्हाडातले असतात, त्याने काही अडत नाही.

दुरुस्तीला वेळ वर जाऊन आलास त्या जिन्याचाच जास्त गेला. वरच्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिलास, त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलंस आणि केबल वॅनच्या, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या, वेगळ्या रंगाच्या भोकातून काढून लॅनच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांच्या, भोकात घातलीस. वरचं वेगळं बिऱ्हाड मोडलं, सगळं एकच घर झालं. एकदा क्रम चुकला आणि तुझाच राउटर तुला आत घेईना, तेव्हा टाचणीने रिसेट करून पुन्हा पहिल्यापासून. टाचणी माझ्या शिवणाच्या डब्यातली होती, याची नोंद असावी.

एवढं करूनही सॉफ्टवेअरला स्कॅनर दिसला नाही, आणि मी मनातल्या मनात नवीन प्रिंटरची किंमत काढायला लागले होते. तू विंडोजच्या सेटिंगमध्ये आपलं वायफाय 'पब्लिक' लागलंय ते दाखवलंस. म्हणजे लॅपटॉपला वाटत होतं की आपण बसस्टँडवर बसलोय, कुणाशी ओळख दाखवायची नाही. ते 'प्रायव्हेट' केलं आणि दहाव्या सेकंदाला यादीत प्रिंटरचं नाव आलं. काचेवर ठेवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून मी तेच लाइट बिल पालथं ठेवलं. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये तुझे ते दोन आकडे आणि ती रेघ आहे. फाइल मी ठेवली आहे.

जाताजाता खालच्या राउटरमध्ये प्रिंटरसाठी ३७ नंबर राखून ठेवलास, लाइट गेली-आली तरी बदलू नये म्हणून, आणि झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवलीस. पावसाळ्यात लाइट कितीदा गेली याचा हिशेब नाही, पत्ता तोच आहे.

आता माझी बढाई ऐक. मागच्या महिन्यात सक्करदऱ्याला नणंदेकडे अगदी हेच रडगाणं. मी मोडा घेऊन बसले, तुझे दोन प्रश्न विचारले. नवीन इंटरनेट जोडून गेलेल्या माणसाने प्रिंटर गेस्टच्या वायफायवर टाकला होता. पाहुण्यांच्या वायफायवरून घरातली दुसरी यंत्रं दिसू नयेत अशीच त्याची रचना असते, हे मी तिला तुझ्याच थाटात सांगितलं. नंदोई बघतच राहिले. मी माउसला हात लावला नाही, हे सांगायलाच नको.

फेरफार मंजूर झाला. आंबिया बहाराची पहिली पेटी तुझ्यासाठी बाजूला काढायला भावाला सांगितलं आहे. तुझा स्टीलचा डबा इथेच राहिलाय, सध्या त्यात जवसाची चटणी आहे. थंडी पडून सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की सांबारवडी करेन, तेव्हा डबा आणि संत्री एकदमच न्यायला ये.

वरच्या खोलीत नवीन मुलगा आलाय. तुझा राउटर तू नेलास, त्यामुळे वर सिग्नल नाही म्हणून कुरकुरत असतो. रविवारी सीताबर्डीहून स्वतःचा आणतो म्हणालाय. केबल कुठल्या भोकात घालायची ते सांगायला मी जिन्यातच उभी राहणार आहे.

तुझी,
खालची काकू