अभिजात झाली, पण विंडोज-स्पेस कोण दाबणार?

मा. संपादक, स.न.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला, आनंदच आहे, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण पेढ्यांचे फोटो पडले होते. पण त्याच ग्रुपवर वार्षिक सभेची नोटीस मी इंग्लिश अक्षरात टाकली होती, "Sabha ravivari 10 vajta" टाइप, कारण सेक्रेटरी मीच आणि लॅपटॉपवर मराठी येत नाही असं मला दुकानदारानेच सांगितलेलं. त्याआधी डीटीपीवाल्याकडून करून घ्यायचो, तर त्याची फाइल लोकांकडे उघडली की नुसती इंग्लिश अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, कारण तो जुन्या फॉन्टमध्ये करायचा, युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच ओळखली जातात ती पद्धत) नाही, आणि तो फॉन्ट दुसऱ्याकडे नसला की संपलं.

मग भाचीने दाखवलं. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, तिथे अ‍ॅड लँग्वेज करून मराठी, बास. पैसे नाहीत, काही नाही. विंडोजचं बटण दाबून स्पेसबार मारला की इंग्लिशचं मराठी, परत मारला की इंग्लिश. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही सिस्टीम आहे, तिथे सेटिंग्जमधल्या कीबोर्डमध्ये जाऊन इनपुट सोर्स जोडायचा, बदलायची बटणं तीच. म्हणजे सोय मशीनमध्येच होती आणि मी इतकी वर्षं "ravivari" करत बसलो!

आता सगळं सोपं आहे असं म्हणणार नाही. मी नोकरीत टाइपरायटरवर शिकलेलो, तिथे ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. कॉम्प्युटरवरच्या इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये उलटं, आधी अक्षर मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. त्यामुळे पहिले पंधरा दिवस माझी 'मिटिंग' म्हणजे ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली वेलांटी. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी विंडोजमध्ये फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून आहे, इंग्लिश स्पेलिंगने लिहा आणि शब्द निवडा, बायको तोच वापरते. मी मात्र इन्स्क्रिप्टवाला झालोय, आणि त्याचं कारण एकच, 'दुसऱ्या'. लोक सर्रास 'दुसर्या' लिहितात, रफार देऊन, वाचताना दातात खडा आल्यासारखं होतं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्लिश J दाबायचं, मग D, मग स्लॅश (/), मग E, की 'ऱ्या' तयार.

एक फजिती पण सांगतो. बँकेच्या साइटवर पासवर्ड टाकला, चूक, परत टाकला, चूक, तिसऱ्यांदा खातं लॉक. पासवर्ड बरोबरच होता हो, पण कीबोर्ड मराठीवर राहिला होता आणि तिथे दिसतात नुसते ठिपके, कळणार कसं! खाली घड्याळाशेजारी भाषा दिसते, तिकडे बघायची सवय लागली तेव्हापासून. अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा लक्षात ठेवायची सोय आहे ती पण चालू केली, म्हणजे वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्लिश.

माझं म्हणणं एवढंच की नवीन कॉम्प्युटर विकताना दुकानदार अँटिव्हायरस गळ्यात मारतो, तेव्हाच मराठी कीबोर्ड चालू करून द्यायला त्याला दोन मिनिटं लागत नाहीत. सरकारी ऑफिसात, शाळेत जे कॉम्प्युटर घेतात त्यांच्या ऑर्डरमध्येच ही अट घाला, आणि बटणांवर मराठी अक्षरं छापलेला कीबोर्ड मागवा, निदान स्टिकर तरी.

आणि एक विनंती. हे पत्र युनिकोडमध्ये पाठवतोय, तुमच्याकडे छपाईसाठी फॉन्ट बदलताना माझ्या 'ऱ्या'चं परत 'र्या' करू नका.

आपला,
एका सोसायटीचा सेक्रेटरी, सांगली