ते कपाट रिकामं केलं नाहीत म्हणून

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या ग्रंथालयातून निवृत्त झालात हे मला उशिरा कळलं. निरोप समारंभाला असते तर हे तिथेच बोलले असते. किंवा नसतेही, कारण चारचौघांसमोर उभं राहिलं की माझं वाक्य अर्ध्यावर अडतं. म्हणून हे पत्र. उघड पत्र अशासाठी की ज्याबद्दल आभार मानायचे आहेत, त्याचा फायदा माझ्याएकटीचा झालेला नाही आणि तुमच्या जागी आता जे बसतील त्यांनीही ते वाचलेलं बरं.

मी तुम्हाला आठवते का, कोण जाणे. एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला रोज संध्याकाळी येऊन "प्रकाशयोजनेवर अजून काही आहे का?" विचारणारी. पहिल्या दिवशी तुम्ही जर्नलच्या रॅककडे बोट दाखवलंत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "बसा. नक्की अडलंय कुठे ते सांगा." तोवर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. माझ्या गाईडनेही नाही.

अडलं होतं ते असं. छतात बसवायचं एक एलईडी पॅनेल होतं, त्यात प्रत्येक एलईडी वेगळा ठिपका म्हणून दिसायचा. सॉफ्टवेअरने त्याचा यूजीआर, म्हणजे डोळ्यांना होणाऱ्या चकाकीच्या त्रासाचा आकडा, 17 काढला होता. ऑफिससाठी मर्यादा 19. म्हणजे पॅनेल पास. पण त्याच्याखाली बसवलेली माणसं दहा मिनिटांत कपाळावर आडवा हात धरायला लागायची. आकडा म्हणतोय ठीक आहे, डोळे म्हणतायत नाही, आणि मध्ये मी.

आज ते दोन वाक्यांत समजावता येतं, तेव्हा येत नव्हतं. यूजीआरची पद्धत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या सीआयईने, 1995 साली 117 क्रमांकाच्या अहवालात दिली. तो जमाना ट्यूबलाइटचा. फिटिंगचा उजळ भाग बऱ्यापैकी एकसारखा असायचा, त्यामुळे सगळ्या भागाची सरासरी उजळता धरली तरी काम भागायचं. सूत्रात मात्र त्या उजळतेचा वर्ग आहे आणि तो घनकोनाने, म्हणजे डोळ्याला तो भाग केवढा दिसतो त्याने, गुणायचा असतो. आता तेवढाच प्रकाश दहापट लहान जागेतून बाहेर येऊ द्या. उजळता दहापट होते, वर्ग शंभरपट, घनकोन एक दशांश. गुणाकार दहापट वाढला. सूत्रात पुढे त्याचा लॉग घेऊन आठने गुणतात, म्हणजे यूजीआर बरोबर 8 ने वर जातो. पॅनेल तेच, वीज तेवढीच. सरासरी धरली तर 17 आणि ठिपके धरले तर 25. यातलं खरं काय, हे डोळ्याला त्या अंतरावरून ठिपके कितपत सुटे दिसतात त्यावर ठरतं, आणि सूत्राला डोळ्याबद्दल एवढं माहीतच नव्हतं.

तुम्हाला हे सगळं कळलं असेल असं मला वाटत नाही (माफ करा). पण तुम्हाला दुसरी एक गोष्ट कळली. तुम्ही म्हणालात, "हे नवीन दिसतंय. जर्नलमध्ये यायला वेळ लागेल. परिषदांत बोलले असतील लोक." आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन तळघराकडे निघालात.

त्या कपाटाचं दार ओढताना जो आवाज व्हायचा तो अजून कानात आहे. आत प्रोसिडिंग्जचे, म्हणजे परिषदांत मांडलेल्या पेपरांच्या संग्रहांचे, खंड: काही कापडी बांधणीचे, काही नुसते पुठ्ठ्याचे, काहींच्या पाठीवरचं नावही उडालेलं. खालच्या फळीवर सीडीच्या डब्या. तुम्ही सहज बोलून गेलात की दर वर्षी रद्दीच्या यादीत या कपाटाचं नाव येतं आणि दर वर्षी तुम्ही ते खोडता. का, असं मी विचारलं. "मागणारं कुणीतरी येतं," एवढंच म्हणालात.

तिथे बसून वाचायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात माझा स्वतःचा प्रयोग मला मोडीत काढावा लागला. कारण एक खुर्ची. जर्नलमधल्या पेपरात "निरीक्षक खुर्चीवर बसले" असं एक वाक्य असतं आणि लेखक पुढे जातो. त्या खंडांत मात्र खुर्चीची उंची होती, हनुवटी टेकवायची पट्टी होती, खोलीत आल्यावर डोळे सरावायला किती मिनिटं दिली ते होतं. माझ्या प्रयोगशाळेतली खुर्ची वर-खाली होणारी. येणारा प्रत्येक जण बसताना दांडा ओढून ती आपल्या सोयीची करून घ्यायचा, आणि मीही सौजन्य म्हणून तसं करू द्यायचे. यूजीआर काढताना बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून 1.2 मीटरवर धरतात. खुर्ची बदलली की डोळा बदलतो, पॅनेलकडे बघायचा कोन बदलतो, आणि त्याबरोबर सूत्रातला पोझिशन इंडेक्सही, म्हणजे दिवा नजरेच्या रेषेपासून किती बाजूला आहे त्याचा आकडा. माझ्या अकरा निरीक्षकांनी अकरा वेगवेगळ्या पॅनेलांकडे पाहिलं होतं म्हणा ना. त्या रात्री सगळी पानं फाईलमधून काढली आणि दुसऱ्या दिवशी सुताराकडून चार पायांची साधी खुर्ची आणली.

दुसरा धक्का डिमरचा. माणसाच्या हातात डिमर देऊन "तुम्हाला आवडेल तेवढा प्रकाश ठेवा" म्हटलं, तर उत्तर बहुतेक वेळा त्या डिमरच्या पट्ट्याच्या मध्याच्या आसपास येतं. पट्टा बदला, आवडही सरकते. सुरुवातीला डिमर कुठे ठेवला होता त्याचाही परिणाम होतो. म्हणजे "लोकांना अमुक लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) आवडतात" असं कुणी सांगितलं, तर आधी विचारायचं: डिमर कुठून कुठपर्यंत फिरत होता? हा तपशील गुळगुळीत लेखातून पहिल्यांदा गळतो, आणि परिषदेच्या सहा पानी पेपरात बऱ्याचदा टिकून राहतो, कारण तो लिहिणारा अजून प्रयोगाच्या खोलीतून पुरता बाहेर आलेला नसतो. काही जुन्या खंडांत तर पेपरानंतर सभागृहात झालेली चर्चाही छापलेली असायची. कुणीतरी उठून सरळ विचारतो की तुमचा मीटर कशावर कॅलिब्रेट केला होता, आणि लेखक जरा चाचरत उत्तर देतो. ते चाचरणं छापलेलं वाचून मला किती धीर आला म्हणून सांगू!

नंतर कळलं की आमच्या विषयाचा पायाच अशा खंडांत आहे. दिव्याच्या खोक्यावर जे लुमेन छापलेले असतात, ते ज्या वक्रावरून मोजतात, म्हणजे हिरव्या 555 नॅनोमीटरला डोळा सर्वांत संवेदनशील आणि दोन्ही बाजूंना उतरता, तो सीआयईने 1924 च्या अधिवेशनात स्वीकारला. त्याचा मूळ संदर्भ म्हणून आजही त्या अधिवेशनाची प्रोसिडिंग्जच देतात. ती 1926 साली छापून आली. रंगमापनाचं तसंच. 1931 चं केंब्रिजचं अधिवेशन, प्रोसिडिंग्ज 1932 ची. राइट या संशोधकाचे 10 निरीक्षक आणि गिल्ड या दुसऱ्याचे 7, एवढ्या 17 जणांच्या डोळ्यांवरून प्रमाण निरीक्षक, म्हणजे रंग मोजायला धरलेला सरासरी डोळा, ठरला, आणि मोबाइलच्या पडद्यावरचा लाल नेमका कोणता, हेही अजून त्याच आकड्यांत सांगतात. हा 17 चा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या अकरा जणांची लाज जरा कमी झाली. 1924 च्या वक्राने निळ्या टोकाला संवेदनशीलता कमी धरली होती. डीन जड या शास्त्रज्ञाने 1951 मध्ये ती दुरुस्ती सुचवली. आकडे कुठून आले ते लिहिलेलं होतं, म्हणून चूक नेमकी कुठे ते सापडलं.

लिहिलेलं नसलं की काय होतं, त्याचं उदाहरण प्रकाशाच्याच प्रयोगांत आहे. 1924 ते 1927 या काळात अमेरिकेतल्या हॉथॉर्नच्या कारखान्यात प्रकाश कमी-जास्त करून कामगारांचं उत्पादन पाहिलं गेलं. प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण आपल्याकडे लक्ष दिलं जातंय हे कामगारांना कळत होतं, अशी ती गोष्ट. मॅनेजमेंटच्या वर्गात अजून सांगतात. पण त्या प्रयोगांचा सविस्तर अहवाल कधी छापलाच गेला नाही, आणि मूळ नोंदी नष्ट झाल्या असं समजलं जात होतं. त्या सापडल्या, लेव्हिट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी त्या तपासल्या आणि 2011 मध्ये निष्कर्ष छापले: गोष्टीत सांगतात तसा ठळक परिणाम त्या आकड्यांत नाही. प्रकाशातले बदल रविवारी, कारखाना बंद असताना केले जायचे. सोमवारी उत्पादन वाढलेलं दिसायचं. पण बदल नसलेल्या आठवड्यांतही सोमवारी उत्पादन वाढायचंच! ऐंशी वर्षं जग ज्याला मानसशास्त्र समजत होतं, त्यातला मोठा भाग नुसता वार होता.

सर, ही स्तुती एकतर्फी नको. त्या कपाटात कचराही भरपूर होता. एकच काम तीन परिषदांत तीन शीर्षकांनी. कंपनीचं माहितीपत्रक वाटावं असे पेपर. "पुढील काम चालू आहे" असं म्हणून कायमचे गायब झालेले लेखक. परीक्षण सैल असतं, आणि केवळ प्रोसिडिंग्जच्या जोरावर कुणी मानक लिहायला बसलं तर मी पहिली विरोध करीन. पण हे गाळायचं काम वाचणाऱ्याचं. कपाट रिकामं करणाऱ्याचं नाही.

सीडींचं तर वेगळंच आभारप्रदर्शन करायला हवं. मधल्या काही वर्षांत परिषदांनी छापील खंड बंद करून सीडी वाटल्या. मग कॉम्प्युटरांतून सीडीचा ड्राइव्हच गेला. छापील खंड शंभर वर्षं वाचता येतो आणि चकती पंधरा वर्षांत मुकी होते, हे आम्हा तंत्रज्ञांच्या आधी तुमच्या लक्षात आलं. जुना कॉम्प्युटर भांडून ठेवून घेतलात आणि एकेक डबी उघडून सगळं उतरवून ठेवलंत. मी मागितलेल्या फाइलींत दोन अशा होत्या की त्या मला पुन्हा दुसरीकडे कुठेही मिळालेल्या नाहीत.

माझ्या पॅनेलचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ठिपक्यांच्या प्रश्नावर 1995 च्या अहवालानंतर सीआयईचा स्वतंत्र अहवाल, क्रमांक 232, यायला 2019 उजाडलं. उजळता एकसारखी नसलेल्या फिटिंगसाठी यूजीआरमध्ये दुरुस्ती कशी करायची, ते त्यात आहे. मधल्या त्या सगळ्या वर्षांत हा वाद कुठे चालू होता म्हणाल तर तुमच्या कपाटात. अहवाल हातात आला तेव्हा मी नोकरीत होते. वाचताना जुन्या वाड्यात फिरल्यासारखं वाटत होतं. कुठला खांब कुणी उभा केला ते मला माहीत होतं.

आणि एक कबुली. गेल्या वर्षी आमचा एक प्रयोग सपशेल फसला. ठिपक्यांची उजळता कॅमेऱ्याने मोजत होतो. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल एका ठिपक्यापेक्षा मोठा भाग व्यापत होता, त्यामुळे ठिपके शेजारच्या अंधारात मिसळून पुन्हा सरासरीच हाती येत होती. दोन महिन्यांची मोजमापं वाया गेली. जर्नलने "नवीन निष्कर्ष नाही" म्हणून परत पाठवलं, आणि त्यांचंही चुकलं नाही. मग आम्ही ते एका परिषदेला दिलं: कॅमेरा कुठे होता, पिक्सेल केवढा कोन व्यापत होता, चूक कोणत्या दिवशी आणि कशी लक्षात आली, सगळं. पोस्टर म्हणून घेतलं त्यांनी. कोपऱ्यातली जागा, चहाच्या टेबलाशेजारी. दोन मुलं थांबली, एकाने वहीत पिक्सेलचा कोन उतरवून घेतला.

त्या प्रोसिडिंग्जची एक छापील प्रत ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवली आहे, आणि दुसरी या पत्रासोबत तुमच्यासाठी. आमचा पेपर मध्यावर कुठेतरी आहे, पाच पानांचा. तिसऱ्या पानावर खुर्चीची उंची दिली आहे: जमिनीपासून बैठकीपर्यंत 45 सेंटीमीटर, चार पाय, दांडा नाही.

तुमची,
तळघरातल्या टेबलावर संध्याकाळी बसणारी