गोठा आणि ड्यूकची पागा

मन्या,

सात महिने तुला उत्तर नाही, घाल शिव्या. माझं बीपी गोळीवर आहे, बाकी बरं.

परवा शांतियीला गेलो, पॅरिसच्या उत्तरेला, ट्रेननं अर्धा तास. रेसकोर्सच्या कडेनं चालत होतो तर समोर हा थोरला राजवाडा! दहा-बारा फोटो काढले, मग कळलं की ही पागा. राजवाडा पुढं आहे, आणि खरं सांगतो, हिच्यापुढं तोच आउटहाउस वाटतो. लांबी १८६ मीटर, मधोमध २८ मीटर उंच घुमट, दारावर दगडातून उसळणारे घोडे. झाँ ओबेर नावाच्या वास्तुकारानं १७१९ मध्ये काम सुरू केलं. २४० घोड्यांची सोय, शिकारी कुत्री वेगळी. मालक बूर्बाँचा ड्यूक, लुई-आँरी. पुढचा जन्म घोड्याचाच येणार अशी त्याची खात्री होती म्हणे, म्हणून आधीच घर बांधून ठेवलं! दंतकथाच ती, पण आमच्या आजीला तंतोतंत पटली असती. पैसा त्यानं शेअर्सच्या सट्ट्यात केला, आणि वेळेत काढूनही घेतला. तुझ्यासारखा नाही.

आत घोडे अजून आहेत. एक पांढरा घोडा गव्हाणीची फळी दातांनी खरवडत उभा होता. फळीची कड झिजून गुळगुळीत झालेली. तिथंच माझं बिनसलं.

मन्या, आपला गोठा पाडला. मार्चमध्ये दादानं मेसेज केला, ‘पाडू का? गाडीला जागा होईल.’ मी मीटिंगमध्ये होतो, अंगठा पाठवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी जेसीबीचा फोटो. दादाला काय बोलणार? बैल जाऊन पंधरा वर्षं झाली, पत्रा गळत होता, त्याचं बरोबरच आहे. तुला कळवायला मात्र हात धजेना. सेकंड इयरला ड्रॉइंगसाठी तोच गोठा मोजताना टेपचं दुसरं टोक तूच धरलं होतंस ना. ढवळ्याच्या मानेनं घासलेली गव्हाणीची कड तू पेन्सिलनं सावली देऊन काढलीस, आणि ‘ड्रॉइंग आहे की कविता?’ म्हणून सरांनी मार्क कापले. त्या मार्कांवरून तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास. जणू सर माझे मामा!

चिनूची बारावी कशी गेली? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

ती शीट तुझ्या आईच्या माळ्यावर असेल. सापडली तर फोटो पाठव. आणि दार साडेतीन फुटांचंच होतं, तू चार लिहिलंस.

तुझा,
सुध्या