कागद फिरवणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

काल रात्री परीकथेतल्या वासिलिसाचं चित्र पूर्ण झालं. खाली माझी सही केली नाही, मूळ चित्र रशियन चित्रकार इवान बिलीबिनचं आहे. पण झोप लागेना. दोनदा उठून दिवा लावून बघितलं आणि शेवटी हे पत्र लिहायला बसले. तुमच्यासमोर आले की मला बोलता येत नाही.

हे चित्र मी कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात बाबांना रशियन परीकथांचं पुस्तक सापडलं होतं, त्यातलं. काठीवर कवटी, कवटीच्या डोळ्यांतून उजेड, आणि रात्रीच्या जंगलात एकटी उभी असलेली ती मुलगी. चित्रकलेच्या क्लासला पहिल्याच दिवशी ते घेऊन गेले होते. "कॉपीच करायची तर झेरॉक्स काढा," असं सगळ्यांदेखत ऐकवलं गेलं. पुढे तिथे जे काही काढलं त्यात कुठे चुकलं, की सर हातातला ब्रश काढून घ्यायचे आणि दोन फटकाऱ्यांत नीट करून द्यायचे. घरी सगळे छान म्हणायचे. मला मात्र त्या कागदाकडे बघवायचं नाही. त्यात माझं काहीच उरलेलं नसायचं.

तुम्ही चित्र बघितलंत आणि म्हणालात, "गिरवायला घे." कॉपी नाही, गिरवणं. ग म भ न सारखं. बिलीबिनसुद्धा जपानी छापचित्रं आणि रशियन खेड्यांतलं भरतकाम बघत घडला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझी मान पहिल्यांदा वर झाली.

पण काका, मला आठवते ती चित्राभोवतीच्या चौकटीची संध्याकाळ. पेन्सिल, ट्रेसिंग सगळं निभावलं होतं. काळ्या शाईच्या रेषेला हात लावला आणि डाव्या कोपऱ्यातल्या वेलीच्या वळणावर तो थरथरला. ज्या बिलीबिनला त्याच्या ठाम रेषेमुळे लोक 'लोखंडी हात' म्हणायचे, त्याच्या वेलीवर माझी ती वाकडी रेघ! मी ब्रश तुमच्यापुढे धरला. सवयच झाली होती तशी. तुम्ही तो घेतला नाहीत. दोन बोटांनी कागद हळूच फिरवलात, वळण माझ्या कोपराच्या बाजूला येईल इतकाच, आणि म्हणालात, "आता ओढ. श्वास सोडत ओढ." रेघ आली. माझ्या हातातून आली.

एवढंच केलंत तुम्ही. पण ज्याला येतं त्याने हात मागे ठेवणं किती अवघड असतं, हे मी घरी मुलाचा गृहपाठ घेताना रोज अनुभवते. आपल्या पेठांमध्ये विद्वान गल्लोगल्ली आहेत. समोरच्याला कमीपणा वाटू न देता शिकवणारं माणूस भेटायला मात्र मला चाळिशी गाठावी लागली. अशी माणसं गाजावाजा करत नाहीत, म्हणून आज मीच सगळ्यांना सांगतेय.

ती थरथरलेली रेघ तशीच आहे. त्यावर पांढरा रंग लावायला तुम्ही नको म्हणाला होतात, मी ऐकलं.

रविवारी चित्र घेऊन खाली येते. काकूंना सांगा, चहा मी करणार. आणि त्याच गोष्टीतल्या पांढऱ्या घोडेस्वाराचं ट्रेसिंगही आणते, त्याच्या घोड्याच्या मानेपाशी पुन्हा अडले आहे.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची