गावोगावची उपासना आणि सातबारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याला मूळ मंडळी (चर्च) आणि वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतल्या तीन-चार खेड्यांत तिच्याच उपासना, अशी बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांची रचना विदर्भात आढळते. खेड्यात उपासना सुरू करायला एक ओसरीही पुरते. पण पुढे ती मोडते ती बहुधा जागेच्या कागदावरून.

१६०९ साली ॲम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ यांच्या गटापासून सुरू झालेल्या या परंपरेत बिशप नसतो. स्थानिक मंडळीचा कारभार तिचे सभासदच पाहतात. मराठीशी तिचे नाते जुने आहे. श्रीरामपूरच्या (बंगाल) बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरींनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये मोडी टाइपातला कोश आणि १८११ मध्ये बायबलचा नवा करार छापला. कारभार स्थानिक सभासदांनीच पाहायचा, म्हणून एक सभासद-यादी, एक पंचमंडळ आणि जागा अनेक, ही रचना आमच्या मते काही वर्षांपुरतीच असावी. गाव स्वतःचे पंच निवडण्याइतके झाले की त्याला स्वतंत्र करावे.

तोवर जागेकडे लक्ष हवे. एखादा सभासद अंगणाचा तुकडा तोंडी देतो, वर्गणी काढून त्यावर खोली उभी राहते, आणि तो गेल्यावर वारस हक्क सांगतात. दान दिलेल्या जागेचे नोंदणीकृत बक्षीसपत्रच लागते. त्यावर दात्याची सही आणि दोन साक्षीदार हवेत. शेतजमीन असेल तर बांधकामाआधी अकृषक परवानगी पाहावी. नंतर मंडळीच्या न्यासाचे (ट्रस्टचे) नाव सातबारावर चढवावे आणि ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा. विश्वस्त बदलले तरी हाच नियम. सार्वजनिक न्यासाची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, हे गावातल्या सभासदांनाही ठाऊक असावे.

बांधकामात काळी माती दगा देते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरप्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत न्यावा. पैसे कमी असतील तर खोली लहान करा, पाया उथळ नको. बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षाविधी) आमच्यात पाण्यात बुडवून होत असल्याने आठ बाय चार फुटांच्या हौदात साडेतीन फूट पाणी धरले तरी सुमारे ३,२०० लिटर लागते. मे महिन्यात हे पाणी टँकरचे असते. त्यापेक्षा पावसाळ्यानंतर नदीला कमरेइतके निवळ पाणी असते तेव्हा हा विधी घ्यावा. प्रत्येक गावात वेगळा हौद बांधण्याचे कारण नाही.

लग्नांचे वेगळेच. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली बॅप्टिस्ट पाळकाला शासनाचा परवाना लागतो; मूळ मंडळीतल्या एकाकडे तो आहे म्हणून खेड्यातल्या प्रचारकाने लग्न लावायचे नाही. विधी सकाळी ६ ते सायंकाळी ७ यांतच, दोन साक्षीदारांसमोर. बाप्तिस्म्याची नोंदवही मात्र त्या-त्या गावाची वेगळी असावी. मंडळी स्वतंत्र होते त्या दिवशी जुन्या वहीतून नावे शोधत बसणे फार जड जाते.

उपासनेची वेळही गावाने ठरवावी. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी माणसे शेतात असतात. रविवारी संध्याकाळी सातला तीच माणसे येतात.

आपले,
बॅप्टिस्ट मंडळीचे काही सभासद, जि. अमरावती